झाडलोटीतली चांदी आन आमचं बिऱ्हाड

आमी गाव सोडलं त्या सकाळी दारात पिकअप उभी हुती आन तिच्यात काय म्हंजे काय न्हवतं. ड्रायव्हर मागचा फाळका पाडून, दोर सोडून तयार. घटकाभर वाट बघून शेवटी म्हणला, "वहिनी, सामान आणा की. ऊन व्हायच्या आत तासगाव गाठू."

मी काखंतल्या ओवीकडं, माझ्या पोरीकडं, बोट केलं. "ह्येच सामान."

त्याला वाटलं मी चेष्टा करती. त्याचीबी चूक न्हाई, माझं नावच तसं हाय. गावात कुणाचा आवाज मी काढला न्हाई असं माणूस न्हाई. सरपंच, दूध डेअरीचा सचिव, उसाच्या टोळीचा मुकादम, समद्यांचा काढून झालाय. शेजारच्या शेवंताकाकूंचा तर लयच भारी काढती. नाकातनं सुरू हुतो आन शेवटाला कुकरच्या शिट्टीवानी वर जातो. त्याच काकू त्या दिवशी भिंतीवरनं वाकून बघत हुत्या.

"आगं, गाद्या कुठायत? भांडीकुंडी? का भांडून निघालायसा?"

एरवी मी तिथल्या तिथं त्यांच्याच आवाजात उत्तर दिलं असतं. त्या दिवशी माझा सोताचाच आवाज निघंना.

आत्ती, म्हंजे माझ्या सासूबाई, दोन दिस झालं माझ्याशी बोलत न्हवत्या. उंबऱ्यात उभ्या हुत्या. एकाएकी आत गेल्या आन एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. वरचा कागद अजून चिकटलेला. माझ्याकडं न बघताच म्हणल्या, "नवा हाय. कडेगावच्या बाजारातनं आणलाय. धुतलाय दोनदा. ह्यो तरी चालंल न्हवं तुमच्या डॉक्टरणीला?" डब्यात चपात्या आन शेंगाची चटणी हुती.

आन आमचे आण्णा, माझे सासरे, लांब गोठ्यापाशी उभे. अंगात एक पिवळाजर्द टी-शर्ट, त्यावर सराफाच्या दुकानाची जाहिरात. ज्या माणसानं जन्मात पांढऱ्या शर्टाशिवाय काय घातलं न्हाई, त्यो असा. ओवीनं त्यास्नी बघितलं आन दोन्ही हात पुढं करून झेप टाकाय लागली. मी तिला घट्ट धरली. आण्णा जवळ आले न्हाईत. लांबनंच हात वर केला आन मागं वळले. पोरीनं तासगावपातूर रडून गाडी डोक्यावर घेतली.

आमच्या भागातनं रोज कोण ना कोण गाव सोडतंय. कोण मिलट्रीत, कोण पुण्याला कंपनीत, कोण चांदी गाळाय केरळात. समदी जाताना ट्रक भरभरून नेत्यात. आमीच तेवढं असं निघालो, आन तेबी कुठं, तर सांगलीला, विश्रामबागंत. यष्टीनं गेलं तर एका झोपंचं अंतर. पर खरं सांगती, मला तवा परदेशी चालल्यागत वाटत हुतं.

आता हे वाचणाऱ्या निम्म्यास्नी गलाई म्हंजे काय ते ठाव हाय आन निम्म्यास्नी न्हाई. ज्यास्नी ठाव हाय त्यांनी फुडं पळू नगा. तुमच्याचसाठी लिहिती मी. तामिळनाडूत, बिहारात, बंगालात दुकानाच्या वरच्या खोलीत पोरं घेऊन ऱ्हाणाऱ्या माझ्या समद्या जावा-नणंदांसाठी.

माझं माहेर औंध. वडील मिलट्रीतनं सुभेदार म्हणून आले. घरात हिंदी-मराठी मिसळून बोलायचं, त्यामुळं मला ल्हानपणापासनंच दोन-दोन आवाज येत हुते. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यावर मी पोरास्नी गोळा करून हेडमास्तरांचा आवाज काढायची. एकदा हेडमास्तरच मागं उभे हुते. मारलं न्हाई त्यांनी, नुसतं म्हणले, "मी एवढा खाकरत न्हाई." आन खाकरले.

लग्न करून आले कडेगाव तालुक्यात. सासरच्या घराचा धंदा गलाईचा, म्हंजे सोनं-चांदी गाळून चोख करायचा. आण्णा मिसरूड फुटायच्या आधी मदुराईकडं गेलेले. तिथं जलम काढला, बंगला न्हाई बांधला पर गावात मान कमावला. म्हातारपणी परत आले आन घराच्या मागच्या पडवीत भट्टी घातली. आजूबाजूचे सोनार जुनी मोडीची चांदी घेऊन यायचे. पैंजणं, करदोडं, मोडकी निरांजनं. ती चांदी भट्टीत घालायची आन वरनं शिसं टाकायचं. शिसं म्हंजे लय इमानी धातू, आण्णा म्हणायचे. चांदीतला समदा मळ सोताच्या अंगावर घेतंय आन खालच्या राखंत मुरून जातंय. आन मग वर जी चांदी ऱ्हाती ती एका क्षणाला अशी लख्ख चमकती, की बघणाऱ्याचं डोळं मिटत्यात. त्या चमकीला आण्णा मला हाक मारायचे. "पोरी, ये, ये, बघ, आता मारंल डोळा!" मी भाकरी तव्यावर टाकून पळायची. मला कवा कुणी सून म्हणून वागवलंच न्हाई त्या घरात, हे आधी लिहून ठेवती. फुडं भांडणं येणार हायत, गैरसमज नगं.

आता गलाईच्या घराची एक रीत हाय, ती बाहेरच्याला हसाय येईल. आमच्यात केर टाकत न्हाईत. भट्टीपाशी जे सांडतंय, उडतंय, त्यात चांदीचे कण असत्यात. म्हणून पडवी झाडली की केर उकिरड्यावर न्हाई जायाचा, पिंपात जायाचा. राख पिंपात. फुटक्या मुशी पिंपात. हात धुतलेल्या पाण्याचा गाळसुदिक वाळवून पिंपात. पिंप भरलं की मोठ्या कारखान्यात जातं आन त्यातनं चांदी निघती. आत्ती तर केरसुणीला हळद-कुंकू लावायच्या. लग्न झाल्या झाल्या मी एकदा सवयीनं केर बाहेर फेकला तर आत्ती धावत आल्या. "आगं, लक्ष्मी फेकलीस की गं!" आन वाकून त्यो केर पदरानं गोळा कराय लागल्या. मी तवापासनं त्यांचा आवाज काढती, "लक्ष्मी फेकलीस की गं!" आन सगळं घर हसतंय. हसायचं.

पिंप सैपाकघराच्या दाराला लागून. सावली तिथंच. ओवी तिथंच रांगाय शिकली, पिंपाला धरूनच उभी ऱ्हायली. दुपारी आण्णा भट्टी इझवून तिथंच बाजंवर पडायचे आन ती त्यांच्या छातीवर पालथी झोपायची, शर्टाची कॉलर तोंडात धरून. त्याचा फोटो माझ्या मोबाईलवर हाय. घरच्या ग्रुपवर समद्यांनी बदाम पाठवले हुते.

ओवीला दोन वरसं उलटून गेली तरी बोलंना. माझी पोरगी, आन बोलंना! मी कावळा काढायची, मांजर काढायची, कुल्फीवाल्याची घंटी, ट्रॅक्टर चालू हुताना आधी खोकतो तसा. शेजारची पोरं गडाबडा लोळायची. ओवी नुसती बघायची. पोट दुखतंय म्हणून कण्हायची, जेवाय बसली की तोंड फिरवायची. आत्ती म्हणायच्या, "बापावर गेलीय. संदीपबी उशिरा बोलाय लागला." आमचे हे अजूनबी फारसं बोलत न्हाईत, म्हणून मलाबी पटलं. पर आईचं मन काय गप बसतंय व्हय. ह्यांची कंपनी कुपवाडला, त्यांच्या दोस्तानं विश्रामबागंतली पोरांची डॉक्टरीणबाई सांगितली. आमी गेलो.

डॉक्टरीणबाई म्हंजे हळू बोलणारी, एकेका शब्दाला इस्त्री करून फुडं ठेवणारी बाई. कान तपासाय पाठवलं, कान चांगले निघाले. मग पेन हातात घेऊन सहज इचारलं, "घरात कोण कोण काय काम करतं?"

मी आपली सुटले. "ह्ये कुपवाडला कंपनीत. आत्ती घरात राज्य करत्यात. मी त्यांच्या राज्यात भाकरी करती. आन आण्णा मागं पडवीत चांदी गाळत्यात."

पेन थांबलं. "गाळतात म्हणजे? शिसं वापरतात?"

"व्हय. त्याशिवाय कशी गळंल?"

बाईंनी ओवीचा हात हातात घेतला, उलटा केला, नखं बघितली. मग आणखी इचारलं. कपडे कुठं धुता, घर किती जुनं हाय, दाराचा रंग पोपडे सुटल्यागत हाय का, पितळंच्या भांड्याला कल्हई कोण करतंय, पोरगी माती खाती का. मी एकेक उत्तर देत गेले आन माझी चेष्टा कुठं गळाली मलाच कळलं न्हाई. रक्त घेतलं, पुण्याला पाठवलं.

चार दिसांनी फोन. मी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगती, कारण ते माझ्या कानात अजून हाय. "रक्तात शिसं आहे. असायलाच नको होतं, आणि बरंच आहे. इंजेक्शनं द्यावीत इतकं नाही. पण ज्या घरातून ते येतंय तिथून तिला बाहेर काढल्याशिवाय ते उतरणार नाही."

मी इचारलं, "त्याच्यामुळंच बोलत न्हाई का?"

"ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कारणं बरीच असतात. पण वाढत्या मेंदूला ते चांगलं नाही, एवढं नक्की. त्यामुळं थांबू नका."

त्या बाईनं मला थाप मारली न्हाई. उगं धीरबी दिला न्हाई आन उगं भ्याबी घातलं न्हाई. ह्या गोष्टीसाठी मी तिची जलमभर ऋणी हाय.

घरी आल्यावर मी जेवणाच्या आधीच सांगून टाकलं. आण्णा भाकरी कुस्करत हुते. हात थांबला.

"शिसं? आगं, मी उभा जलम शिशात काढला. मला काय झालं?"

आन तेवढं बोलून त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, तर त्यो हातात थरथरला. तसा त्यो कैक वरसं थरथरतच हुता. पोटात मुरडा येऊन ते दोन-दोन दिस आडवं पडायचे, तेबी जुनंच. मदुराईचं आंबट खाऊन पोट बिघडलंय, असं आमी समदी म्हणायचो. एवढ्या वरसांत त्या सांबाराची आमी लय बदनामी केली.

आत्तींचं मात्र डोकं फिरलं. "म्हंजे माझ्या घरात इष हाय म्हणतीस तू? मी रोज सारवती, झाडती, एक काडी कुठं पडू देत न्हाई. आन सांगलीची बाई मला सांगणार माझं घर घाण हाय म्हणून?"

"आत्ती, घाण न्हवं..."

"मग काय? आमची पोरं काय बोलली न्हाईत व्हय? संदीप काय मुका हाय?"

आमचे हे खाली मान घालून बसले हुते. मी म्हणलं, "आवं, बोला की काय तरी. न्हाईतर त्यांचंच खरं व्हायाचं." आन त्या तसल्या टायमालाबी आण्णा फिसकन हसले.

मग हात धुऊन उठले. म्हणले, "भांडू नगा. तोंडानं काय कळतंय. आपुण टंच काढू."

टंच काढणं म्हंजे सोन्या-चांदीचा कस बघणं. आता त्याला मशीन आलंय, डागिना आत ठेवला की पडद्यावर दिसतंय, चांदी किती, तांबं किती, शिसं किती. आण्णांचा डॉक्टरवर इश्वास न्हवता, पर टंचाच्या मशीनवर देवाएवढा. म्हणले, "घराचा टंच काढू. मशीन काय सांगलीच्या बाईचं ऐकत न्हाई."

दुसऱ्या दिशी ओवीला आत्तींपाशी ठेवून आमी तिघं सांगलीच्या सराफ बाजारात. आण्णांच्या खांद्यावर पिशवी. तिच्यात काय न्हवतं इचारा. पिंपातला केर पुडीत. दाराच्या हिरव्या रंगाचे पोपडे. कल्हई केलेली पितळी वाटी. ओवीचा रंगीत खुळखुळा. आत्तींची हळद. माझी टिकल्यांची डबीसुदिक. आन आण्णांनी सोताच्या हातानं केलेले ओवीचे वाळे.

मशीनवाले जावेदभाई आण्णांचे जुने दोस्त. पिशवी बघून म्हणले, "आण्णा, चोरी करून आलासा का बाजार करून?"

"घर आणलंय. टंच काढ."

जावेदभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी समदं सांगितलं. ते आधीच म्हणले, "वहिनी, हे मशीन डागिन्याचं हाय बरं का. मातीला, रंगाला त्याचा आकडा पक्का न्हवं. शिसं हाय का न्हाई एवढं दावंल. पक्कं करायचं तर लॅबला पाठवा." मग एकेक जिन्नस आत ठेवाय लागले, आन मी त्यांच्या मागं उभी, निवडणुकीच्या निकालाची वाट बघावी तशी.

आधी वाळे. चोख! आण्णांची मान ताठ. "बघितलंस?" हळद ठेवली, शिशाचं नाव न्हाई. जावेदभाई म्हणले, "सांगलीच्या हळदीची इज्जत वाचली." मी त्यांच्याच आवाजात ते परत म्हणून दावलं, आन आमी चौघंबी हसलो. खुळखुळाबी पास. मग दाराचे पोपडे ठेवले. पडद्यावर शिसं. वाटीच्या कल्हईत शिसं, थोडं. मग पिंपातला केर.

जावेदभाईंनी पडदा आण्णांच्या बाजूला फिरवला. म्हणले, "आण्णा, ह्यात चांदीपरास शिसं जास्त हाय."

"असणारच की. भट्टीचा केर हाय त्यो," आण्णा म्हणले. "पोरगी काय केर खाती व्हय?"

मग जावेदभाईंनी काय केलं, आण्णांच्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, शिवणीतली धूळ काढली, आन मशीनमधी ठेवली. मला माझ्या मोबाईलवरचा फोटो आठवला.

पडद्यावर शिसं.

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितलं. "जावेद, परत लाव." परत लावलं. मग त्यांनी कॉलरला हात लावला. तीच कॉलर. हळूहळू एकेक बटन काढलं, शर्ट काढला, आन घडी घालून काउंटरच्या खाली लांब ठेवला, जसं काय त्यो चावंल. भर बाजारात, गिऱ्हाईकं आत-बाहेर करत असताना माझे सासरे उघडे उभे हुते. गलाईवाले म्हणून ज्यांच्याम्होरं सोनार उठून उभं ऱ्हात्यात, ते.

"ती माझ्या अंगावर झोपती रं, जावेद," एवढंच म्हणले.

जावेदभाईंनी आतनं जाहिरातीचा पिवळा टी-शर्ट आणून त्यांच्या अंगात घातला, ल्हान पोराला घालावा तसा, एकेक हात धरून. "आण्णा, आता कळलंय न्हवं, मग रडताय कशाला. न कळता ऱ्हायलं असतं तर?" सोनाराच्या दुकानात माणसं घटलेला टंच ऐकून भांडत्यात, खोटं सांग म्हणत्यात. जावेदभाईंनी दोस्ताला खरं दावलं. हे दुसरं ऋण.

त्या दिशी घरी आल्यावर आण्णांनी भट्टी इझवली ती इझवलीच. पिंप आत्तींच्या दारातनं हलवून, झाकण बांधून, मोठ्या कारखान्याच्या गाडीत गेलं. पर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एवढ्यानं भागणार न्हाई. धूळ भेगांत हाय, मातीत हाय, गाद्यांत हाय. घर नीट साफ होईस्तोवर पोरगी तिथं नगं. आन साफ करताना तर बिलकूल नगं, कारण खरवडलं की आणखी उडतं.

मी औंधाला फोन लावला. वडलांना रडत सांगितलं. सुभेदारांनी समदं ऐकून घेतलं आन म्हणले, "बेटा, पोझिशन सोडायची तर सामान मागं टाकायचं. माणसं काढायची. माघार म्हंजे हार न्हाई." म्हणून पिकअप सांगितलेली असूनबी मोकळी गेली. डॉक्टरीणबाई म्हणल्या हुत्या, स्टीलची भांडी धुऊन चालतील. पर मी एवढी भ्यालेली, की चमचा उचलला न्हाई.

आन गावात झालं, की सुनेनं घर फोडलं. आत्तींना त्येच लागलं हुतं. इष-बिष त्यांना दिसत न्हवतं. दिसत हुतं ते शेवंताकाकूंचं भिंतीवरचं तोंड.

विश्रामबागंत आमी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं घेतलं. दोन खोल्या, नवी बिल्डिंग, लिफ्टला आरसा. पयल्या दिशी मी लिफ्टमधी ओवीला आरशात दावून सोसायटीच्या चेअरमनचा आवाज काढला आन दार उघडलं तर चेअरमनच. माझं नशीबच तसलं. गावाकडं दारात बसलं की दहा माणसं बोलून जायाची. हितं समदी ग्रुपवर बोलत्यात, "पार्किंगमधी कुणाची स्कूटी हाय" एवढंच. संध्याकाळी कॉलेजची पोरं-पोरी चहाच्या गाड्यावर हसत्यात, त्यांचा आवाज वर येतो, तवा मला आमच्या पडवीची लय आठवण यायची. पोरीला चमक बघाय बोलवणारं कुणी न्हवतं. मलाबी न्हाई.

केरसुणी मी घेतलीच न्हाई. वल्लं फडकं, रोज. जेवायच्या आधी हात, झोपायच्या आधी हात. नाचणी, दूध, पालेभाजी, गूळ-शेंगदाणं. ह्यास्नी अंघोळ केल्याशिवाय पोरगी द्यायची न्हाई असा नेम. ह्यांच्या कंपनीत शिसं न्हाई, तरी नेम म्हंजे नेम. आमचे हे बिचारे दारातनं बाथरूमपातूर असे पळायचे की ओवीला त्यो खेळच वाटाय लागला.

महिन्याभरानं आत्ती आल्या. एकट्याच, यष्टीनं. बेल वाजली आन दारात उभ्या, पर आत येईनात.

"आधी सांग, अंघोळ कुठं करू?"

मी बाथरूमचं दार दावलं. त्या न्हाल्या, मी दिलेली साडी नेसल्या, आन मग ओवीला मांडीवर घेऊन बसल्या. मग कळलं. आण्णांनी सोताचं रक्त तपासलं हुतं. पोरीपरास लय जास्त. डॉक्टरांनी त्यास्नी सांगितलं, पोटाचा मुरडा आन हाताची थरथर, सांबारानं न्हवं. औषध चालू झालंय. आन आण्णांनी आत्तींचंबी तपासाय लावलं, तर त्यांच्यातबी निघालं.

"मीच गं," आत्ती म्हणल्या. "माझ्याच हातानं झाडून झाडून, जपून जपून भरून ठेवलं. लक्ष्मी म्हणून."

मी त्यांचा पदर नीट केला. मग म्हणलं, "आत्ती, तुमी जपलं म्हणून तर घर उभं ऱ्हायलं. तुमचा मुलगा त्याच्यावरच शिकला. ठाव न्हवतं त्याला कोण काय करणार?"

"तू एवढी शाणी कवापासनं झालीस?"

"विश्रामबागंत आल्यापासनं. हितलं पाणीच तसं हाय."

त्या हसल्या आन डोळं पुसलं. त्यांनी मला माफ केलं का मी त्यास्नी, ते कुणी इचारलं न्हाई. त्या रात्री त्यांनीच वल्लं फडकं फिरवलं आन मला म्हणल्या, कोपरे ऱ्हात्यात तुझे.

ओवीचं दुसरं रक्त तपासलं तवा ते उतरलं हुतं. समदं न्हाई, पर उतरलं हुतं. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरची इस्त्री पयल्यांदा मोडली. बोलणं शिकवणाऱ्या बाईकडं आमी आठवड्याला जातो. ओवी आता बोलती. शब्द कमी हायत, काही आर्धेच हायत, पर हायत. पयला शब्द "दे" हुता. गलाईवाल्याची नात, मागितल्याशिवाय ऱ्हायली कशी असती! फुडं काय हुईल ते कुणी सांगत न्हाई आन मी इचारायचं सोडलंय. जे रोज मिळतंय ते मी मुठीत धरती.

म्हणून सांगती, बायांनो. भट्टीच्या वर ऱ्हात असलासा तर पोरांचं रक्त एकदा तपासा. जुनं घर असलं, रंगाचे पोपडे सुटत असले, तरी तपासा. भट्टीचे कपडे घरात आणू नगा. आन सासऱ्याशी भांडू नगा, त्यांना टंचाच्या मशीनपाशी न्या.

दिवाळीत आमी गावाला गेलो. घर अजून पुरं साफ न्हवतं. मागची पडवी पाडली हुती, अंगणातली वरची माती काढून नेली हुती, दारं बदलायची ऱ्हायली हुती. डॉक्टरीणबाई म्हणल्या, अजून थोडं थांबा. आत्तींनी फोनवर इचारलं, "मग येणारच न्हाई व्हय सणाचं?" मी काय बोलायच्या आधी मागनं आण्णांचा आवाज आला, "फाट्यावर या. आमी फाट्यावर येतो."

फाट्यावर यष्टीचा निवारा हाय, एक चिंच हाय, वडाप, म्हंजे शिटा भरून चालणारी जीप, थांबतंय तिथं. आमी उतरलो तर आण्णा-आत्ती आधीच बसलेली. घोंगडं नवं, ताटल्या नव्या, करंज्या, चकल्या, पाण्याची कळशी. आण्णांच्या अंगात कोरा पांढरा शर्ट. आमास्नी बघितलं तसे उठले, कळशीपाशी गेले, साबणानं कोपरापातूर हात धुतले, आन वाळवाय म्हणून दोन्ही हात वर धरून उभे ऱ्हायले. पोरगी सुटली. "थांब, थांब, वाळू दे," ते म्हणत हुते. तिनं कुठलं थांबाय. वल्ल्या हातानंच उचलली त्यांनी. हात थरथरत हुते, पर पयल्याइतके न्हाई. ती छातीवर डोकं टेकून पडली, आन आण्णा चिंचंखाली तसेच उभे ऱ्हायले, बसलेच न्हाईत.

आमी दुपारभर तिथं हुतो. आत्ती हवा आली की घोंगड्याचं टोक दाबायच्या, सैपाकघरात बसल्यागत मला म्हणायच्या, आगं ते दे, आगं हे झाक. येणारी-जाणारी वडापं धूळ उडवायची. उसाच्या गाड्या चालल्या हुत्या. मी मुकादमाचा आवाज काढला, मग चेअरमनचा. आण्णा हसून हसून खोकले.

परतीच्या यष्टीसाठी उठलो तवा गावातला एक म्हातारा शेरडं घेऊन चालला हुता. थांबला, आमच्याकडं बघितलं, घोंगड्याकडं बघितलं.

"काय रं संदीप, सणाचं आलायसा आन घरी न जाताच चाललायसा व्हय?"

आमचे हे नेहमीप्रमाणं गप. मी तोंड उघडलं, पर आत्ती माझ्या आधी बोलल्या. खड्या आवाजात, वडापात बसलेल्यास्नीबी ऐकू जाईल असं.

"घरीच आलत्यात की ती. आमी काय हितं न्हाई व्हय?"